फुले, निळू

(१९३० – १३ जुलै २००९). मराठी रंगभूमी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांतील एक अष्टपैलू नट. संपूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. सुमारे चार दशकांच्या कारकीर्दीत त्यांनी मराठी व हिंदी चित्रपटांतून विविध भूमिका केल्या; तथापि सामान्य प्रेक्षकाच्या मनावर ठसला तो त्यांचा ग्रामीण खलपुरुष. धोतर, पांढरी टोपी, अर्धवट मिटलेले डोळे आणि घशात घोळवून सावकाश सोडलेला शब्द हे त्या खलपुरुषाचे बाह्य रूप इतके लोकप्रिय झाले, की त्याखालचा अभिनय पुष्कळदा दुर्लक्षित राहिला. त्यांचे महत्त्वाचे चित्रपट कालानुक्रमाने पाहिले असता असे दिसते, की त्यांनी रंगविलेला पुढारी हा एकच एक मनुष्य नव्हे. १९६० नंतर महाराष्ट्राच्या खेड्यांतील सत्ता जसजशी रूप बदलत गेली, तसतसा तोही बदलत गेला. या दृष्टीने फुले यांचे चित्रपट हे अभिनयाच्या इतिहासाबरोबरच महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचेही एक साधन ठरतात.

त्यांचा जन्म पुणे येथे एका सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. शालेय शिक्षणानंतर त्यांनी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून काही वर्षे नोकरी केली. तरुणपणीच ते राष्ट्र सेवा दलाकडे आकृष्ट झाले व त्याच्या कलापथकात काम करू लागले. समाजवादी विचारांच्या प्रसारासाठी पोवाडा, गीते, वग यांचा उपयोग करणाऱ्या या कलापथकाने मराठी मनोरंजनसृष्टीला अनेक कलावंत दिले. दादा कोंडके व राम नगरकर हे त्यांपैकीच होत. १९५७ च्या निवडणुकांच्या सुमारास फुले यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यातील रोंगे या भूमिकेने त्यांच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष वेधले आणि शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने त्यांना व्यावसायिक यश मिळवून दिले. या पूर्वतयारीचा विशेष असा, की चित्रपटात येण्यापूर्वीच ‘पुढारी’ ही व्यक्ती त्यांनी रंगमंचावर विनोदाच्या अंगाने हाताळलेली होती. वगातील सोंगाड्याला समोरच्या प्रेक्षकाचा श्वास ओळखावा लागतो. कोणत्या शब्दावर थांबायचे आणि कोणता शब्द गिळायचा, हे त्याला ऐन प्रयोगात ठरवावे लागते. फुले यांच्या चित्रपटांतील संवादफेकीचे मूळ या शिक्षणात आहे.

ते चित्रपटात आले तेव्हा मराठीत तमाशापटांची परंपरा चांगलीच रुजलेली होती. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटाने पुण्यात १३१ आठवडे चालून या प्रकाराचा पाया भक्कम केला होता. त्यातील खलपुरुष हा गावचा पाटील होता. वतन, जमीन आणि वाडा यांच्या जोरावर गावावर हुकमत चालविणारा हा पाटील पुढील अनेक चित्रपटांत दिसतो. वास्तवात मात्र याच काळात त्याच्या सत्तेचा पाया खचत चालला होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१ चा अधिनियम १ मे १९६२ पासून अमलात आला. मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या अधिनियमाने संपुष्टात आले. १९६० चा सहकारी संस्थांचा अधिनियम, त्याआधीच प्रवरानगर येथे १९५० मध्ये सुरू झालेला सहकारी साखर कारखाना व त्याच्या धर्तीवर निघालेले इतर कारखाने यांमुळे पश्चिम महाराष्ट्रात एक नवीन सत्तास्थान निर्माण झाले. गावातील वजनदार मनुष्य आता वतनदार राहिला नाही. तो निवडून येऊ लागला. सरपंच, सोसायटीचा चेअरमन, कारखान्याचा संचालक, पंचायत समितीचा सभापती ही त्याची नवी बिरुदे होत. पुष्कळदा घराणे तेच राहिले, पण सत्ता टिकविण्याची रीत बदलली. चाबकाऐवजी ठराव, पतपुरवठा आणि मतपेटी ही साधने आली. सत्तेचे हे नवे रूप पडद्यावर आणण्यास जुन्या पद्धतीचा आरडाओरडा करणारा खलनायक अपुरा पडणार होता.

अनंत माने दिग्दर्शित ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेले अण्णा ही फुले यांची पहिली महत्त्वाची भूमिका. कथालेखक शंकर पाटील हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीचे. गावकीतील हेवेदावे, निवडणुकीतील कावे व माणसांची बेरकी भाषा यांची त्यांना बारीक जाण होती. झेले अण्णा हा अशा गावातील कारस्थानी माणूस. तो बळाचा वापर करीत नाही, माणसांना परस्परांविरुद्ध उभे करतो. फुले यांनी त्याला हास्यास्पदही ठेवले आणि धोकादायकही. वगातील त्यांचा पुढारी केवळ हसण्यासाठी होता. येथे हसता हसता प्रेक्षकाला त्याची धास्ती वाटू लागते. कॅमेऱ्यापुढे प्रथमच उभा राहणारा रंगमंचीय नट सामान्यतः आवाज व हातवारे मोठे ठेवतो. फुले यांनी नेमके उलट केले. त्यांनी आवाज खाली आणला, हालचाली कमी केल्या आणि डोळ्यांवर भर दिला. या चित्रपटाला मोठे यश लाभले व त्यांच्यासाठी चित्रपटसृष्टीची दारे खुली झाली.

यानंतर दादा कोंडके यांची निर्मिती असलेला ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) हे दोन अत्यंत लोकप्रिय चित्रपट आले. दोहोंतही फुले दुय्यम भूमिकांत होते. ‘पिंजरा’ हा आदर्शवादी शिक्षकाच्या अधःपाताचा चित्रपट असून त्याचा भार श्रीराम लागू व संध्या यांच्यावर आहे. परंतु लागू व फुले हे दोन नट येथे एकाच चित्रपटात आले, ही गोष्ट पुढील घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. ‘हात लावीन तिथे सोनं’ या चित्रपटातील कामाबद्दल फुले यांना राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. पुढे ‘सामना’ व ‘चोरीचा मामला’ या चित्रपटांसाठीही त्यांना हा सन्मान लाभला.

‘सामना’ (१९७५) हा फुले यांच्या कारकीर्दीतील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट होय. निर्माते रामदास फुटाणे, लेखक विजय तेंडुलकर, संगीतकार भास्कर चंदावरकर व दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी तो घडविला. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाने नाव मिळविलेल्या पटेल यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत तो दाखविला गेला. साखर कारखान्याच्या परिसरावर निरंकुश सत्ता गाजविणारा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले), मद्याच्या आहारी गेलेला एके काळचा ध्येयवादी मास्तर (श्रीराम लागू) आणि पडद्यावर थोडाच वेळ दिसूनही साऱ्या कथेला व्यापून राहणारा माजी सैनिक मारुती कांबळे (मोहन आगाशे) ही यातील तीन प्रमुख पात्रे. मारुती कांबळेचे पुढे काय झाले, हा मास्तरने वारंवार विचारलेला प्रश्न हा कथेचा कणा आहे. योगायोग असा, की पटेल, लागू व आगाशे हे तिघेही वैद्यकीय पदवीधर होते आणि त्यांच्यासमवेत उभा असलेला चौथा मनुष्य वैद्यकीय महाविद्यालयातील बागेत काम केलेला होता. अभिनयात या दोन प्रकारच्या शिक्षणांमधील अंतर कोठेही जाणवत नाही.

हिंदुराव हा खलपुरुष आहे काय, या प्रश्नाचे उत्तर चित्रपट सहज देत नाही. त्याने परिसरात कारखाना व उद्योग उभे केले आहेत. माणसांना कामाला लावले आहे. तो आतिथ्यशील आहे आणि स्वतःच्या कर्तबगारीचा त्याला खराखुरा अभिमान आहे. रस्त्यावर सापडलेल्या मद्यपी मास्तरला तो आश्रय देतो, त्यात संशय आहे तसे कुतूहलही आहे. या कर्तबगारीच्या पोटात एक खून दडलेला आहे. फुले यांनी हिंदुरावाचा चांगुलपणा ढोंग म्हणून रंगविला नाही, यातच या भूमिकेचे मर्म आहे. ज्या सहजतेने तो पाहुण्याचा पेला भरतो, त्याच सहजतेने तो माणूस नाहीसा करू शकतो. दोन्ही गोष्टी त्याच्या दृष्टीने कारभाराचाच भाग होत. मास्तरचा प्रश्न जसजसा गावभर पसरतो, तसतशी हिंदुरावाची बोलण्यातील सैल ऐट आकसत जाते. राग येण्याआधी त्याला आश्चर्य वाटते, कारण त्याला प्रश्न विचारणारे कोणी उरलेले नव्हते. हे आश्चर्य फुले यांनी केवळ नजरेतून दाखविले आहे. अखेरीस खुनाला वाचा फुटते व हिंदुराव कायद्याच्या हाती लागतो, तेव्हाही प्रेक्षकाला निर्भेळ समाधान मिळत नाही. सहकाराने आणलेली समृद्धी आणि तिने निर्माण केलेली दहशत या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याचे सांगणारा असा दुसरा मराठी चित्रपट त्या काळात आढळत नाही. सहकारी चळवळीकडे आदराने पाहणाऱ्या समाजवादी वर्तुळात वाढलेल्या नटाने ही भूमिका करावी, यालाही अर्थ आहे. चळवळीचा विपर्यास कसा होतो, हे त्याला परक्याच्या नजरेने पाहावे लागले नसावे.

या चित्रपटांतील ग्रामीण जग हे प्राधान्याने कोल्हापूर, सातारा, पुणे व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या जिल्ह्यांचे आहे. ऊस, कारखाना, वाडा व त्या भागातील बोली यांनाच मराठी चित्रपटाने ‘ग्रामीण’ असे संबोधले. विदर्भातील प्रेक्षकाला हे जग कितपत आपले वाटावे, हा विचार सहसा केला जात नाही. उदा., नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला मध्य प्रदेशाच्या सीमेस लागून असलेला नरखेड तालुका. संत्र्याच्या बागा व कापूस यांचा हा प्रदेश. बोली नागपुरी व वऱ्हाडी वळणाची. लोकरंजनाची जुनी रीत खडी गंमतीची. येथे पाटीलकीपेक्षा मालगुजारीचा इतिहास मोठा. जुन्या मध्य प्रांतातील ही पद्धत मध्य प्रदेश शासनाने १९५० च्या अधिनियमाने रद्द केली, तेव्हा नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १९५६ मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे कोल्हापूरकडील पाटील आणि नरखेडकडील मालगुजार या दोन वेगळ्या व्यवस्था होत्या. परंतु १९६२ नंतर दोन्हीकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि पतपुरवठा सोसायटी यांची एकच चौकट आली. कापसाच्या एकाधिकार खरेदी योजनेमुळे (१९७२) विदर्भातील शेतकऱ्याच्याही विक्रीचा दोर संस्था व शासन यांच्या हाती गेला. साखर कारखान्याचा अध्यक्ष नरखेडच्या शिवारात नव्हता, पण कर्ज मंजूर करणारा, यादीत नाव घालणारा व गाळणारा मनुष्य तेथेही होता. फुले यांचा पुढारी बोलीने परका असूनही महाराष्ट्राच्या सर्व भागांत ओळखीचा वाटू शकतो, याचे कारण बहुधा हे असावे. त्यांनी बोलीच्या लकबींपेक्षा सत्तेच्या लकबी अधिक बारकाईने टिपल्या होत्या. याचक समोर उभा असता कागद चाळीत राहणे, नकार न देताच काम न करणे, दुसऱ्याकडून बोलवून घेणे या गोष्टींना जिल्ह्याची सीमा नसते. फुले स्वतः पुण्याच्या वस्तीत वाढलेले; चित्रपटातील ग्रामीण बोली त्यांनाही कमावावीच लागली होती.

राज्य शासनाने १९७५ मध्ये मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परताव्याची योजना सुरू केली. तिच्यामुळे अडचणीत असलेल्या व्यवसायाला आधार मिळाला व निर्मिती वाढली. तसेच यशस्वी ठरलेला साचा पुनःपुन्हा वापरण्याची प्रवृत्तीही बळावली. या काळातील अनेक चित्रपटांत फुले यांना एकाच ठशाच्या भूमिका मिळाल्या. लंपट सरपंच, जमीन हडपणारा सावकार, नायिकेवर वाईट नजर ठेवणारा पाटील हे त्यांतील ठरीव नमुने होत. नटाच्या चरितार्थाचा प्रश्न लक्षात घेतला, तरी या चित्रपटांनी एक मोठी हानी केली हे नमूद करणे आवश्यक आहे. ‘सामना’ने पुढाऱ्याच्या सत्तेचे आर्थिक मूळ दाखविले होते. ठरीव चित्रपटांनी ती सत्ता कामवासनेपुरती मर्यादित केली. खलपुरुषाला नायकाने चोप दिला, की गावाचा प्रश्न सुटला, अशी त्यांची मांडणी असते. सोसायटीचे दप्तर कोणाच्या कपाटात आहे, हा प्रश्न मग उरत नाही. फुले यांच्या अभिनयाचा परिणाम इतका खोल होता, की खेड्यापाड्यांतील स्त्रिया त्यांचा खरोखरच तिरस्कार करीत व प्रत्यक्ष भेटीतही त्यांच्यापासून दूर राहत, असे सांगितले जाते. वैयक्तिक आयुष्यात साधेपणा व निर्व्यसनी विचार यांचा पुरस्कार करणाऱ्या कार्यकर्त्याच्या बाबतीत हा विरोधाभास ठळकपणे दिसतो. ते स्वतः मात्र या तिरस्काराला कामाची पावती मानीत.

ठशाबाहेरच्या त्यांच्या सामर्थ्याचा सर्वांत चांगला पुरावा ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटात मिळतो. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला हा चित्रपटही जब्बार पटेल यांचाच; पटकथा तेंडुलकरांची. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) व अर्थमंत्री (श्रीराम लागू) यांच्यातील सत्तास्पर्धा, कामगार नेता डिकॉस्टा (सतीश दुभाषी), तस्करी व दुष्काळ असे अनेक धागे त्यात गुंफलेले आहेत. या सर्वांना जोडणारा पत्रकार दिगू टिपणीस ही भूमिका फुले यांच्याकडे आली. पडद्यावर सत्ता गाजविण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नटाला येथे ज्याच्या हाती काहीच सत्ता नाही असा मनुष्य उभा करावयाचा होता. दिगूला सर्व ठाऊक असते. तो सर्वत्र उपस्थित असतो. परंतु कशावरही त्याचा परिणाम होत नाही. फुले यांनी या भूमिकेसाठी आपली सर्व ओळखीची साधने बाजूला ठेवली. आवाजातील घोळ गेला, खांदे उतरले, डोळ्यांतील जरब जाऊन तेथे थकवा आला. चित्रपटभर तो मुख्यतः ऐकतो. ऐकण्याचा अभिनय हा मराठी चित्रपटात दुर्मीळ होता, कारण तेथे संवादांना मान अधिक. शेवटी सत्तेच्या खेळाचा निकाल लागतो तेव्हा त्याचे भान सुटते व तो वेड्यासारखा हसू लागतो. हा प्रसंग मराठी चित्रपटातील अविस्मरणीय प्रसंगांपैकी एक मानला जातो. या चित्रपटात सुरेश भट या विदर्भातील कवीच्या रचनेचा उपयोग केला आहे. ‘सामना’तील हिंदुराव आणि ‘सिंहासन’मधील दिगू हे एकाच व्यवस्थेच्या दोन टोकांना उभे आहेत. एका नटाने चार वर्षांच्या अंतराने ही दोन्ही टोके गाठावीत, ही असाधारण गोष्ट होय.

रंगभूमीवरही त्यांच्या कामाचा आवाका असाच होता. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकातील सखाराम त्यांनी रंगविला. कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतले व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना स्वतःच्या अटींवर घरात ठेवणारा, शिवराळ, पण स्वतःच्या मते सरळ वागणारा हा पुरुष फुले यांनी समर्थन वा निषेध न करता प्रेक्षकांसमोर ठेवला. याउलट जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ या नाटकात ते वृद्ध गांधीवादी अप्पाजी झाले. सत्तेवर बसलेल्या स्वतःच्याच मुलाविरुद्ध उभे राहणारे अप्पाजी पाहताना प्रेक्षकांना चित्रपटातील पाटलाची आठवण होत नसे. या नाटकांचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे, की त्यांच्या चित्रपटांवरून त्यांच्याविषयी बनणारे मत या दोन भूमिकांवाचून एकांगी राहते.

हिंदी चित्रपटात त्यांना मिळालेल्या भूमिका लांबीने लहान होत्या. मनमोहन देसाई यांच्या ‘कुली’ (१९८३) या चित्रपटात ते अमिताभ बच्चन यांच्या नायकाचा सोबती हमाल नथू म्हणून दिसतात. यश चोप्रा यांच्या ‘मशाल’ (१९८४) या चित्रपटातही त्यांची भूमिका आहे. त्यांतल्या त्यात महेश भट्ट यांचा ‘सारांश’ (१९८४) अधिक विचारात घेण्यासारखा आहे. मुंबईतील एका निवृत्त शिक्षकाच्या घरात राहणाऱ्या तरुणीचे ज्या मुलावर प्रेम आहे, त्याचा पिता गजानन चित्रे हा राजकीय पुढारी फुले यांनी रंगविला. हा गावचा पाटील नव्हे. तो शहरातील मध्यमवर्गीय वस्तीत वावरतो, सभ्य शब्दांत बोलतो आणि सौम्य आवाजातच धमकी देतो. अनुपम खेर यांनी साकारलेला वृद्ध शिक्षक व चित्रे यांच्यातील प्रसंगांत भीती निर्माण होते ती या सभ्यपणामुळे. झेले अण्णापासून निघालेला पुढारी हिंदुरावाच्या वाटेने येथे महानगरात पोहोचला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. हिंदी चित्रपटसृष्टीने मात्र या नटाचा पूर्ण उपयोग करून घेतला नाही.

त्यांच्या अभिनयशैलीचे एक अंग म्हणजे मितव्यय. चेहऱ्याची ठेवण रूढ अर्थाने देखणी नव्हती. आवाजही गायकी वळणाचा नव्हता. या दोहोंचा त्यांनी अडसर होऊ दिला नाही. वाक्याच्या मध्येच थांबून समोरच्याला उरलेले वाक्य ओळखावयास लावणे, शब्दाआधी नजर फिरविणे, हसू ओठांवर आणून डोळ्यांपर्यंत न पोहोचू देणे ही त्यांची साधने होती. पुढे नकलाकारांनी त्यांच्या आवाजाच्या घोळाची नक्कल करून घरोघरी पोहोचविली. तरुण पिढीतील पुष्कळांना निळू फुले माहीत आहेत ते मूळ चित्रपटांपेक्षा या नकलांमुळे. नक्कल आवाजाची होऊ शकते. वाक्यातील विरामाची क्वचितच होते. त्यामुळे त्यांच्या अभिनयाचा नेमका जो भाग अनुकरणातून सुटला, तोच पाहण्यासाठी मूळ चित्रपटांकडे जावे लागते.

अभिनयाबरोबरच त्यांनी सामाजिक कार्यातही भाग घेतला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत नरेंद्र दाभोलकर व श्रीराम लागू यांच्यासमवेत ते वावरले. पूर्णवेळ सामाजिक कार्य करणाऱ्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांनी ठिकठिकाणी केले, त्यांत लागू यांच्याबरोबर फुलेही होते. ‘सामना’त परस्परांविरुद्ध उभे ठाकलेले हे दोन नट पडद्याबाहेर दीर्घकाळ एकाच बाजूला होते. संगीत नाटक अकादमीने १९९१ चा पुरस्कार देऊन फुले यांच्या रंगभूमीवरील कार्याचा गौरव केला.

उत्तरायुष्यात त्यांनी काम कमी केले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय हाताळणारा, नागेश भोसले दिग्दर्शित ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (२००९) हा त्यांचा अखेरचा चित्रपट मानला जातो. मकरंद अनासपुरे यांची त्यात प्रमुख भूमिका आहे. साखरेच्या समृद्धीतून उगवलेल्या सत्ताधाऱ्यापासून चित्रपटातील त्यांचा प्रवास सुरू झाला होता. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मृत्यूपाशी, म्हणजे विशेषतः विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांना जाळणाऱ्या प्रश्नापाशी, तो येऊन थांबला. अन्ननलिकेच्या कर्करोगाने पुणे येथे त्यांचे निधन झाले.